शैलाच्या आधी

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच नीट कळलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पेन हातात यायचं ते सही करायला, नाहीतर सिलिंडर आलेली तारीख कॅलेंडरवर लिहायला. शिवाय माझ्या उजव्या अंगठ्याचं टोक विळीवर इतक्या वेळा कापलं गेलं आहे की तिथे आता काही कळत नाही. पेन धरलं की ते बोटांत फिरतं आणि ओळ खाली उतरत जाते. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

माझी मुलगी मानसी ज्या वाचनालयात कामाला आहे, ते दिवाळीला अंक काढतात. यंदा त्यांना काम करणाऱ्या माणसांचे अनुभव हवे आहेत. मानसी म्हणाली, "आई, तू लिही."

मी म्हटलं, "मी काय लिहू? मासे कापले."

"तेच लिही."

तिच्यासमोर नाही म्हटलं आणि ती कामावर गेल्यावर तिच्या जुन्या वहीची कोरी पानं घेऊन बसले. अंकाला द्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझा घसा सुकतो. माझं लिहिलेलं चार माणसं वाचणार असं मनात आलं की तसंच होतं. पण सध्या लिहावंसं वाटतंय, त्याला कारण घडलं आहे.

मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर मासे कापून देते. विकत नाही. बाहेरच्या लोकांना वाटतं, बंदरावर बसलेली बाई म्हणजे मासे विकणारी. विकायला भांडवल लागतं आणि तोंड लागतं. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. गिऱ्हाईक मासे घेतं आणि पिशवी आमच्यापुढे ठेवतं. आम्ही खवले काढतो, पोट साफ करतो, हव्या तशा तुकड्या करतो, धुऊन परत पिशवीत घालतो. किलोवर पैसे. लहान मासळीला जास्त, कारण तिला वेळ जातो.

काम सोपं दिसतं. सुरमईच्या तुकड्या एकसारख्या जाडीच्या आल्या पाहिजेत, नाहीतर तव्यावर एक करपते आणि एक कच्ची राहते. पापलेट भरायचं असेल तर चीर लहान हवी. मुशीची कातडी कानशीसारखी खरखरीत, ती शेपटीकडून सोलत आणावी लागते. बोंबील हातात धरवत नाही, त्याला विळी नुसती दाखवायची. हे सगळं मला माझ्या सासूने शिकवलं, आणि सासूला सगळे मानायचे. तिच्यानंतर माझ्या हातालाही लोक नावं ठेवत नाहीत. एवढं मी लिहू शकते.

आता शैलाबद्दल लिहायला हवं. शैला माझ्या शेजारी बसते. शेडमध्ये आम्ही आठ-नऊ जणी, पण नळ एकच आणि नळाजवळ शैला. शेड नवी झाली तेव्हा जी आधी आली तिने जागा धरली. त्या दिवशी मानसीला ताप होता, मी उशिरा पोचले. शैला नळाशी बसली होती आणि तिच्या शेजारची खांबाजवळची जागा उरली होती. अकरा वाजले की माझ्यावर ऊन येतं. ती सावलीत असते. मला पाण्यासाठी बादली घेऊन उठावं लागतं, ती बसल्या जागी हात लांब करते. गिऱ्हाइकाला काय, मासे लवकर धुऊन मिळतात तिथे ते जातं.

आणि तिला तोंड आहे. ती प्रत्येकाला काहीतरी बोलते आणि प्रत्येकाला ते आवडतं.

माझं एक जुनं गिऱ्हाईक होतं, कुठल्यातरी कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. दर रविवारी बांगडे आणायचे, माझ्यापुढे ठेवायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. म्हणायचे, "डोकी इथेच काढा हो. घरी नेली की माझ्याकडे बघत बसतात." धीर करून एकदा मी विचारलं, मग खाता कशाला? ते म्हणाले, "चव आवडते. ओळख नको." मला ते फार आवडायचे, कारण मला त्यांच्याशी बोलावं लागत नसे. एका रविवारी माझ्यापुढे दोन पिशव्या होत्या, म्हणून ते शैलाकडे गेले. शैला बांगडा हातात उंच धरून म्हणाली, "काका, ह्यो विचारतो, काकी बऱ्या आहेत काय?" गृहस्थ इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यानंतर ते कधी माझ्याकडे आले नाहीत. तिच्याकडे ते तोंड करून उभे राहायचे.

अशा गोष्टींनी माझ्या पोटात दुखतं. आजही दुखतं. मी चांगल्या मनाची बाई आहे असं वाचणाऱ्याला वाटायला नको.

आम्ही तेव्हा भाड्याच्या खोलीत राहायचो. आमचे हे ट्रॉलरवर खलाशी. मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण मी कामाची साडी पुढच्या दोरीवर वाळत घातली की त्या न बोलता ती काढून मागच्या दोरीवर टाकायच्या. मागे न्हाणीचं पाणी जायचं. एकदा मानसीच्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांच्यादेखत त्यांनी साडी दोन बोटांत धरून मागे नेली. त्या दिवसापासून मानसीने मैत्रिणींना घरी आणलं नाही. मला घर हवं होतं ते एवढ्यासाठी. मला माझी स्वतःची पुढची दोरी हवी होती.

भाट्ये पुलाच्या पलीकडे एक इमारत उठत होती. मीच ती आधी बघितली. फ्लॅट लहान होते, म्हणजे आपल्याला झेपेल की नाही असा विचार तरी करता येईल एवढे. मी शेडमध्ये सहज बोलले, आणि त्याच आठवड्यात शैला जाऊन खाडीकडच्या खिडकीचा फ्लॅट बघून आली.

"काय वारा येतो गो मंगल," मला म्हणाली. "तू पण घे. दोघी एका रिक्षाने येऊ."

घराच्या कर्जाचं मला समजलं ते असं. घर शंभराचं असेल तर बँक ऐंशी देते आणि वीस आपण उभे करायचे. वीस तयार दिसल्याशिवाय बँक पुढचं बोलत नाही. इकडे बिल्डर म्हणतो, बँकेत अर्ज केल्याचं दाखवा तरच फ्लॅट धरून ठेवतो. म्हणजे वीस जमायचे असतानाच ऐंशी मागायला जायचं. पगारदार माणसाला हे जमतं, त्याच्याकडे पगाराची चिठ्ठी असते. आमच्याकडे हातावरचे खवले.

वीस जमवायचे ते भिशीवर. शेडमधल्या आणि आजूबाजूच्या मिळून आम्ही दहा जणी, दहा महिने. दर महिन्याला प्रत्येकीने ठरलेले पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची, जिचं नाव येईल तिने सगळे उचलायचे. पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, तेव्हा भिशीही बंद. त्या वर्षी शैलाची चिठ्ठी दुसऱ्याच महिन्यात निघाली. माझी शेवटी. म्हणजे काढायचीही गरज नव्हती, डब्यात एकच उरली होती. तरी भिशी सांभाळणाऱ्या पारूमावशीने डबा हलवला, चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली. सगळ्या हसल्या.

शैलाने दिवाळीनंतर बँकेत अर्ज केला. ऐन हंगाम होता, सुरमई येत होती, आणि ही बया कामाचे तीन दिवस बुडवून बँकेच्या बाकावर बसली. मी मनात म्हटलं, हिला अक्कल नाही. हंगामातला एक दिवस म्हणजे पावसातल्या चार दिवसांचं जेवण. मग एका बुधवारी बँकेचा तरुण साहेब तिचा धंदा बघायला आला. बुधवार म्हणजे आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. शैलाच्या पुढे रांग, पिशव्यांचा ढीग, आणि त्या रांगेत नेमके बांगडेवाले गृहस्थ. त्यांनी साहेबाला सांगितलं की या बाईसारखा हात रत्नागिरीत नाही. माझ्यासमोर सांगितलं. महिन्याभरात शैलाचं कर्ज मंजूर झालं.

तिच्या वास्तुशांतीला गेले. दारावर पितळी पाटी, तिचं नाव आधी, नवऱ्याचं नंतर. स्वयंपाकघरात खांद्यापर्यंत पांढऱ्या फरशा. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले आणि एका फरशीवरून हात फिरवला. थंड होती. खाडीकडच्या खिडकीतून खरंच वारा येत होता. शैलाने शिरा वाढला, माझ्या पानात सगळ्यांपेक्षा जास्त वाढला, आणि तो मला गिळवेना. तिचा नवरा दुपारीच पिऊन जिन्यात बसला होता. ते मी बघितलं, पण मला दिसत राहिल्या त्या फरशा.

त्यानंतर मी चूक केली. आमच्याकडे कसं असतं, सगळी घरची कामं बंदीत करायची. लग्न ठरवणं, डोळे तपासणं, छप्पर शाकारणं, तहसील कचेरीतले कागद, सगळं बोटी किनाऱ्याला असताना. हंगामात कोणाला वेळ असतो? माझी भिशी मे महिन्यात हातात आली होती. पूर्ण वीस नव्हते, पण जवळ आले होते. बंदी लागली आणि मी जुलैच्या पावसात छत्री घेऊन बँकेत गेले, अर्ज केला. मनात म्हटलं, शैलाने तीन दिवस बुडवले, माझा एकही बुडणार नाही.

आमचे हे म्हणाले, "जरा थांबूया काय? हातात थोडं राहू दे पावसाचं."

मी म्हटलं, "तोवर तो मागचा फ्लॅट पण जाईल." खाडीकडचे सगळे गेलेच होते. मागच्या खिडकीतून चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, तेवढी दिसायची. पण इमारत तीच होती आणि मला तीच हवी होती.

पंधरवड्याने बँकेने बोलावलं. तोच तरुण साहेब. चांगला होता, बसायला सांगितलं.

"मावशी, मी तुमचा धंदा बघायला जाऊन आलो."

"कधी?"

"गेल्या शनिवारी. तिथे कोणीच नव्हतं. शेड रिकामी होती. क्रेट उलटे घातलेले, दोन कुत्री झोपलेली. व्यवसाय चालू आहे असं मी कसं लिहू?"

बंदी आहे साहेब, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या बंदराला माहीत असलेली गोष्ट. पण टेबलाच्या त्या बाजूला आणखी एक बाई बसल्या होत्या, मागे रांग होती, आणि माझा घसा सुकला. मी म्हटलं, "बरं." आणि उठले. बाहेर आल्यावर छत्री आत विसरल्याचं लक्षात आलं. परत आत जायचा धीर झाला नाही. भिजत घरी आले.

बंदी उठल्यावर शैलाने विचारलं, "काय झालं गो तुझ्या कर्जाचं?" मी सांगितलं. तिने विळीवरचा पाय काढला.

"बंदीत बँकेत गेलीस? अगो बये! आंबेवाला कर्ज काढतो तर झाडाला आंबे असताना बोलावतो ना बघायला? तू कुत्री दाखवलीस त्याला!"

सगळ्या शेडला तिने ते ओरडून सांगितलं. पारूमावशी हसून हसून आडवी झाली. दोन-तीन दिवस माझ्यापुढे पिशवी ठेवताना गिऱ्हाईकंसुद्धा विचारत होती, "काय मंगलताई, कुत्री बरी आहेत ना?" मी सौंदाळे साफ करत राहिले. खवले उडून डोळ्यात गेले म्हणून डोळे पुसले.

त्या पावसाळ्यात साठवलेल्या पैशांतले काही खाल्ले गेले, काही मानसीच्या फीला गेले. म्हणजे वीस पुन्हा लांब गेले. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, दिवाळीपर्यंत थांबतो, मुंबईची एक पार्टी मागते आहे. आणि नवी भिशी सुरू झाली. पहिली चिठ्ठी पारूमावशीने काढली. शैला.

मला वाटलं, उठून जावं. या बाईला घर मिळालं, खाडी मिळाली, वारा मिळाला, आता पहिली भिशी पण हिलाच. पारूमावशीने पैशांची थैली तिच्याकडे सरकवली. शैलाने हात पुसले, थैली उचलली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तुझी जी चिठ्ठी येईल ती मी घेईन. बदली."

भिशीत अशी बदली चालते. दोघी कबूल असल्या की तिसरीने बोलायचं नाही. पण पहिलीवाली कोणी बदलत नाही.

मी म्हटलं, "नको."

"का नको?"

"नको म्हणजे नको. तुला लागतील."

"मला आत्ता कशाला लागतात? घरात ठेवले तर ह्यांच्या घशात जातील. उशिरा मिळाले तर पोरीच्या लग्नाला राहतील तरी. घे गो, उपकार नाय करत. तुझा नवरा तुला डबा घेऊन येतो. माझा डबा विकून येईल."

सगळ्या हसल्या, तीही हसली. आमचे हे खरंच तेव्हा खांबाशी माझा डबा घेऊन उभे होते, ते कानापर्यंत लाल झाले. मी थैली घेतली. आभार मानले नाहीत. मला ते पैसे हातात जड लागत होते आणि सोडवतही नव्हते.

माझी चिठ्ठी त्या वर्षी आठवी निघाली. ती शैलाने उचलली.

दुसऱ्यांदा बँकेत गेले ती दसऱ्याच्या आधी. या वेळी आमच्या ह्यांना बरोबर नेलं. त्यांनी साहेबाला सांगितलं, "बुधवारी या, शुक्रवारी या, सोमवारी-शनिवारी येऊ नका, लोक खात नाहीत." साहेब बुधवारी आला. त्याच्या हातात माझी छत्री होती. "मावशी, ही तुमचीच ना? तेव्हापासून टेबलाखाली आहे."

माझ्यापुढे त्या दिवशी चांगलं काम होतं. मोठी सुरमई ठोकळ्यावर होती. साहेबाने विचारलं, "दिवसाला साधारण किती किलो होतं?" मी कोयता चालवत राहिले. शेजारून शैला बोलली.

"साहेब, तिला कामात बोलायला लावू नका, तुकडी जाडी होईल. मी सांगते. माझ्यापेक्षा जास्त होतं तिचं. हॉटेलवाले मोठी मासळी तिच्याकडेच देतात."

तेव्हा एकही हॉटेलवाला माझ्याकडे येत नव्हता. साहेबाने लिहून घेतलं. कर्ज मंजूर झालं. मला आनंद झाला, पण माझ्या कर्जाच्या कागदातही शैलाची बडबड शिरली हे मी विसरले नाही.

आम्ही त्या मागच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. पुढे रस्त्याच्या बाजूला छोटी गॅलरी आहे, तिथे दोरी बांधली आणि पहिल्या दिवशी कामाची साडी तिच्यावर पसरून वाळत घातली. कोणी हलवली नाही. खाली रस्त्यावरून शैला जात होती, वर बघून ओरडली, "झेंडा लावलास काय गो?"

घर घेणं एका दिवसाचं असतं, फेडणं वर्षांचं. आमची कमाई नऊ-दहा महिन्यांची आणि बँकेचा हप्ता बारा महिन्यांचा. बंदीतही पाच तारखेला खात्यातून पैसे जातात, खात्यात नसले तर दंड. म्हणून हंगामात पावसाचे हप्ते वेगळे काढून ठेवावे लागतात आणि त्यांना हात लावायचा नाही, घरात कोणी आजारी पडलं तरी. पंधरा वर्षांचं कर्ज होतं. पासबुक भरायला गेले की मी बघायची, मुद्दल हलतच नाही. साहेबाला विचारलं. तो म्हणाला, "सुरुवातीला व्याजच जास्त कापलं जातं. मधे मधे जास्तीचे पैसे भरले तर लवकर संपेल."

लवकर म्हणजे किती लवकर? माझ्या डोक्यात एकच आलं. शैलाचं कर्ज माझ्याआधी सुरू झालं होतं, म्हणजे माझ्याआधी संपणार होतं. नळ तिचा, खिडकी तिची. कर्ज तरी मी तिच्याआधी संपवायचं. हे मी कोणाला बोलले नाही, आमच्या ह्यांनाही नाही.

शैलाने मारलेली थाप मीच खरी केली. हातखंब्याला हायवेवर एक हॉटेल आहे, त्याच्या मालकाला आमचे हे भेटले आणि मला त्यांचं काम मिळालं. सकाळी शेड, दुपारनंतर हॉटेलची मासळी. क्रेटमध्ये बर्फ घालून संध्याकाळच्या रिक्षाने पाठवायची. मालक भारी चिकित्सक. प्रत्येक तुकडी ताटात सारखी दिसली पाहिजे, शेपटीकडची तुकडी दिसली की फोन. ते सगळे जास्तीचे पैसे मी हंगामाच्या शेवटी मुद्दलात भरायची. नवी साडी घेतली नाही. मानसी म्हणायची, "आई, एवढी घाई कशाला?" मी म्हणायची, "व्याज वाचतं." तेही खरंच होतं.

एका वर्षी शिंगाळ्याचा काटा तळहातात घुसला. शिंगाळ्याच्या काट्याला विष असतं, कोपरापर्यंत हात सुजला. मी घरात बसले आणि हॉटेलचं काम शैलाने घेतलं. पैसेही तिनेच घेतले, मला त्यातले देऊ केले नाहीत. मी गॅलरीत बसून रोज तिची रिक्षा शेडकडे जाताना बघायची आणि हिशेब करायची की तिच्या मुद्दलात आता किती गेले असतील. हात बरा झाल्यावर शेडमध्ये आले तर म्हणते, "घे तुझं हॉटेल. लय खवट माणूस. मी त्याला शेपट्याच पाठवल्या चार दिवस." मालकाला परत खूश करायला मला महिना लागला.

तिचं किती राहिलं ते मी कधी विचारलं नाही. विचारलं तर तिला कळेल असं वाटायचं. तीही आपण होऊन बोलायची नाही. कधी म्हणायची, "ह्या हप्त्यांनी जीव नेला." ते ऐकलं की मला बरं वाटायचं. म्हणजे अजून चालू आहेत. मग मी त्या दिवशी अंधार पडेपर्यंत बसायची. मधल्या काळात तिचा नवरा गेला, पोरीचं लग्न झालं. मी दोन्ही वेळा गेले, जे करायचं ते सगळं केलं. पण परत येताना रिक्षात मनात तेच, आता हिचे हप्ते मागे पडतील.

गेल्या महिन्यात माझं कर्ज फिटलं. पंधरा वर्षं व्हायच्या पुष्कळ आधी. शेवटची रक्कम भरायला मी एकटी गेले. तो तरुण साहेब केव्हाच बदलून गेला, आता एक मुलगी आहे. तिने घराचे मूळ कागद दिले आणि काही बाकी नाही असं पत्र दिलं. मी ते सगळं माशांच्या दोन पिशव्यांत गुंडाळलं, एकात एक, पाणी लागू नये म्हणून, आणि घरी न जाता सरळ मिरकरवाड्यात गेले. वाटेत पेढे घेतले.

शैला मुशी सोलत होती. मी तिच्यापुढे उभी राहिले. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा आधी बोलले असेन.

"माझं फिटलं," मी म्हटलं.

"खरं?" तिने हात झटकले. "दे, पेढा तोंडात दे. हात बघ माझे."

मी तिला पेढा भरवला. आणि मग, इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं. अगदी सहज विचारल्यासारखं. "तुझं किती राहिलं गो?"

ती पेढा चघळत राहिली. मुशीची शेपटी उगाच सरळ केली.

"माझं झालं."

"कधी?"

"झाली दोन वर्षं. पोरीच्या लग्नातले उरले होते, सासऱ्यांच्या जमिनीचे थोडे आले. भरून टाकले."

"मग हप्त्यांनी जीव नेला म्हणायचीस ते?"

शैला हसली नाही. तिला न हसता बोलताना मी फार कमी वेळा बघितलं आहे. "तुझ्यासाठी म्हणायची. मी तसं बोलले की तुझा कोयता जोरात चालायचा. माझं झालं असं सांगितलं असतं तर तू बसली असतीस खांबाला टेकून. मला काय कळत नाय? एवढी वर्षं शेजारी बसते."

घसा सुकला होता, पण या वेळी तिने मला पाण्यासाठी उठू दिलं नाही. बसल्या जागी हात लांब करून तांब्या भरला आणि दिला. मी पाणी प्यायले. नळ अजून तिचाच आहे. आणि यातही तीच आधी.

"दुसरा दे," ती म्हणाली. मी दुसरा पेढा दिला. आणखी एक मागितला असता तर दिला नसता.

मग माझ्या जागेवर जाऊन बसले, कागदांची पिशवी खांबाच्या खिळ्याला उंच अडकवली आणि कोणाचेतरी बोंबील होते ते घेतले. अकरा वाजले होते, माझ्यावर ऊन आलं होतं. पण बँकेचा एक रुपया माझ्याकडे उरलेला नाही. सगळा दिला.